मीठ मागायची खूण

नांदेड, १८ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

काल तुमचा व्हॉलीबॉलचा पहिला सामना पाहिला. शेजारच्या सुदर्शनने त्याचा मोबाइल माझ्या टीव्हीला जोडून दिला आणि त्या उपकाराची फेड म्हणून डबाभर चिवडा संपवला. तुमचं 'मांजरा लातूर' जिंकलं हे कळलं. तू तिथे कशासाठी होतीस, हे मात्र कळलं नाही.

चेंडू तुझ्याकडे यायचा आणि तू तो कुणाला तरी देऊन टाकायचीस. पहिल्या दोन सेटमध्ये मी मोजलं. त्रेसष्ट वेळा. एकदाही, ऋतुजा, एकदाही तू तो जाळीपलीकडे मारला नाहीस. ती साक्षी उडायची, मारायची, टाळ्या घ्यायची. आज पेपरात तिचा मोठा फोटो आहे. त्याच्या कडेला एक कोपर दिसतं. ते तुझं, हे मी त्याच्यावरच्या व्रणावरून ओळखलं. सातवीत माझ्या जिन्यावरून पडली होतीस, तो व्रण.

मला खेळातलं काही कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या बापाचे सामने मी पाहिलेत. शूटिंग व्हॉलीबॉल. चेंडू आला की दोन्ही मुठी जोडायच्या आणि थेट पलीकडे धाडायचा. कुणी कुणाला देण्याघेण्याचा प्रश्नच नाही. व्यंकट जळकोटच्या मैदानावरून घरी आला की दारातूनच ओरडायचा, "अक्का, आज माझे अकरा!" उद्या मला कुणी विचारलं, तुमच्या भाचीचे किती, तर मी काय सांगू?

एकतीस वर्षं मी सरकारी कचेरीत काढली. टिपणी मी लिहायची, सही साहेबाची. निवृत्तीच्या दिवशी मला एक शाल मिळाली आणि "बाईंचं अक्षर सुंदर" असं एक वाक्य. शालीला नंतर कसर लागली. पाच वर्षं तुला मी माझ्याकडे ठेवलं. जेवताना बोलायचं नाही ही आमच्या सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटची शिस्त तू माझ्या टेबलावर पाळलीस, हसत का होईना, बोटांच्या खुणांनी मीठ-पाणी मागायला शिकलीस. ते सगळं काय पंगतीत वाढपी होण्यासाठी? बाकीच्या जेवतात, तू वाढतेस. माझ्या भाचीने हे करायचं नाही.

तुझ्या कोच गौरम्माबाईंना मी पत्र लिहिणार आहे. इंग्रजीत. इंग्रजीत रागावलं की लोक लवकर वाचतात.

आता आशीर्वाद.

तुझी,
सिंधुआत्या


लातूर, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

हात जोडते, बाईंना लिहू नकोस.

इथे आमचे मोबाइल बाईंच्या कपाटात कुलपात असतात. रविवारी एक तास मिळतो, त्यात पप्पा "जेवलीस का" एवढंच चार वेळा विचारतात. म्हणून तुझं पत्र आलं तर मुलींनी ते माझ्याआधी हाताळलं. वाढपी हा शब्द जगदेवीला फार आवडला. ती उदगीरकडची आहे, आमच्यात सगळ्यात उंच, मधोमध जाळीजवळ खेळते. कालपासून मला "ए वाढपे" म्हणून हाक मारते.

पण तू चिडून लिहिलंस म्हणून नीट सांगते. आमचा खेळ पप्पांच्या खेळासारखा नाही. चेंडू आमच्या बाजूला आला की तीनच स्पर्श मिळतात. पहिलीने उचलायचा, तिसरीने मारायचा. मधला दुसरा स्पर्श माझा. मी सेटर आहे. कुणी मारायचं, कुठून मारायचं, किती उंचीवरून, हे मी ठरवते आणि ठरवायला मला पापणी लवायला लागतो तेवढा वेळ असतो. साक्षीचे एकोणीस गुण झाले ना? ते एकोणीस चेंडू तिच्या हाताशी मी नेऊन ठेवले. मैदानावर त्यापेक्षा मोठं काम नाही. मला तरी नाही वाटत.

आता खरी गोष्ट. माझी उंची पाच फूट चार. आमचे मॅनेजर विरूपाक्ष सर म्हणतात, जाळीजवळ एवढी बुटकी सेटर परवडत नाही. त्यांनी बाहेरून एक उंच मुलगी आणली आहे. मोसम संपला की दोघींपैकी एकीलाच दोन वर्षांचा करार मिळेल. दुसरीने घरी जायचं. पप्पांनी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलाय. रागाने नाही, काळजीने. मला शिकवता येणार नाही असं नाही, आत्या. पण सकाळी डोळे उघडल्याबरोबर माझी बोटं चेंडू शोधतात, त्यांना मी काय सांगू?

म्हणून म्हणते, या दिवसांत कुणाच्या डोळ्यावर यायला नको. पत्र लिहू नकोस.

तुझी,
ऋतुजा


नांदेड, २७ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजा,

तुझं पत्र आज मिळालं. तुझ्या बाईंना माझं १९ तारखेलाच गेलं. तीन पानं.

त्यात एक अक्षर खोटं नाही. "माझ्या भाचीला या कामात कमीपणा वाटतो" असं एक वाक्य आहे. ते तू म्हणाली नव्हतीस, हे मान्य. मला वाटत होतं म्हणून तुलाही वाटत असणार असं मी धरलं.

पाच फूट चार ही काही कमी उंची नाही. मी पाच फूट एक आहे आणि मला आजवर कुणी वरून बोललेलं नाही.

काय झालं ते कळव.

सिंधुआत्या


लातूर, ९ डिसेंबर २०२४

आत्या,

पत्र विरूपाक्ष सरांनी आधी उघडलं. ऑफिसात मोठ्याने वाचलं. म्हणाले, "मुलीलाच कमीपणा वाटतो म्हणे. मग आपण कशाला आग्रह करायचा?"

बाईंनी मला विचारलं, "तू सांगितलं होतंस?" मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरं."

तीन सामने झाले. तिन्ही मी बाकावर बसून पाहिले. एक जिंकलो, दोन हरलो.

मी रागावलेले नाही. सध्या पत्र लिहू नकोस.

ऋतुजा


नांदेड, १६ डिसेंबर २०२४

चि. ऋतुजा,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिलं नाही. शनिवारी मीच लातूरला येऊन गेले.

तुला सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस. पहाटेच्या एसटीत बसले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, अतिशय तिखट, आणि तुझ्या मॅनेजरला काय बोलायचं याची उजळणी करत राहिले. वाक्यं फार सुंदर जमली होती. ती वाया गेली, कारण हॉलच्या दारातच तुझ्या गौरम्माबाई भेटल्या. पांढरा बॉबकट, गळ्यात शिट्टी, हातात केळं.

"तुम्हीच काय इंग्रजीवाल्या अक्का?" म्हणाल्या.

"हो."

"लई भारी लिहिता बघा. आमच्या मॅनेजरला दोनदा डिक्शनरी उघडावी लागली."

मी म्हटलं, "माझ्या पत्राची शिक्षा माझ्या भाचीला कशासाठी?"

"पत्रावरून कोण बसवतंय? आमच्या बिदरकडं माणूस हातावरून ओळखतेत. तुमचं पत्र आलं अन् हिचे हात भ्याले. आधी अवघड जागी चेंडू द्यायची. आता सोपं बघून राहिली. सगळे साक्षीला. पलीकडच्यांना बी कळतंय की, दोघी-दोघी तिथं जाऊन उभ्या राहतेत."

"मग मी काय करू?"

"चहा प्या. अन् गप बसा."

ऋतुजा, मला गप बस म्हणणारी शेवटची बाई सिस्टर फिलोमिना होती, १९७१ साली. मी चहा प्यायले आणि गप बसले.

तुमचा सरावाचा सामना चालू होता. त्यांनी मला तुमच्या बाजूच्या मागच्या रेघेपलीकडे खुर्ची दिली. तुझं तोंड जाळीकडे होतं, तुला मी दिसले नाही. बाई वाकून म्हणाल्या, "तुम्ही टीव्हीवर चेंडू बघता न्हवं? चेंडू सोडा. हिच्या पाठीमागचा हात बघा."

मी पाहिलं. पलीकडून सर्व्हिस यायच्या आधी तू डावा हात कमरेमागे नेलास. तुझ्याच मुलींना दिसेल असा, पलीकडच्यांना दिसणार नाही असा. एक बोट सरळ केलंस.

आणि मी त्या खुर्चीत मोठ्याने म्हणाले, "मीठ!"

चेंडू डावीकडे साक्षीला गेला. पुढच्या वेळी दोन बोटं. पाव! चेंडू उजवीकडे, तुझ्या डोक्यावरून मागे. पन्नास वर्षांपूर्वी सिकंदराबादच्या लांब टेबलावर चाळीस मुली तोंड मिटून याच बोटांनी जेवण मागत होत्या. तू माझ्या टेबलावर ते शिकलीस आणि मला एका शब्दाने न सांगता लातूरला नेऊन अख्ख्या संघाला शिकवलंस. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की शिट्टी तोंडातून पडली. त्यांना वाटत होतं या खुणा तू कुठल्या परदेशी पुस्तकातून घेतल्यास.

मग तू करंगळी दाखवलीस. पाणी. मधली ती उंच जगदेवी तयार झाली, धावली, उडाली. आणि तू चेंडू साक्षीला दिलास. समोर दोघी भिंतीसारख्या उभ्या होत्या. चेंडू त्यांच्या हातांवर आपटून परत आला. एकदा नाही, चार वेळा तू हेच केलंस. खूण पाण्याची आणि वाढलंस मीठ. जगदेवी चारही वेळा रिकाम्या हाताने खाली आली.

हे भय तुझ्या हातात मी घातलं. आता नीट वाच, कारण हे वाक्य मी सदुसष्ट वर्षांत कुणाला लिहिलेलं नाही. मी चुकले.

कचेरीत मी टिपणी लिहायचे, पण ठरवायचे नाही. कुणाचं काम होणार, कुणाचं नाही, ते वरचा ठरवायचा. तू ठरवतेस. पाचजणी तुझ्या कमरेमागच्या हाताकडे बघतात आणि मग हलतात. मला हे एका दुपारी कळलं. मॅनेजरला नाही कळलं तर तो त्याच्या बुद्धीचा प्रश्न आहे.

यापुढे माझं एकच सांगणं. जी खूण केलीस तेच वाढ. समोर कितीही उंच माणसं येऊन उभी राहोत.

तुझी,
सिंधुआत्या

ता. क. मॅनेजरसाठी तयार केलेली वाक्यं जपून ठेवली आहेत.


लातूर, २४ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग "मी चुकले" एवढी ओळ बोटाखाली धरून जगदेवीला दाखवली. ती म्हणाली, "फ्रेम कर."

खुणांचं तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. वाटायचं, तू म्हणशील, सिस्टरच्या टेबलाची थट्टा केलीस. इथे आल्यावर सगळ्यांच्या खुणा वेगवेगळ्या, कुणी लातूरची, कुणी उदगीरची, कुणी पार गुलबर्ग्याची, कुणाचं कुणाला कळेना. मग एक दिवस मेसमध्ये मी विसरून करंगळी दाखवली आणि जगदेवीने विचारलं, काय गं हे? मी शिकवलं. आता मेसमध्येही आम्ही बोलत नाही. आचारी घाबरलाय.

तू हेही बरोबर पाहिलंस. मी भीत होते. करंगळी दाखवायची आणि ऐन वेळी वाटायचं, जगदेवीचा चुकला तर विरूपाक्ष सर म्हणतील, बघा, मन नाही मुलीचं. साक्षीचा चुकला तर निदान साक्षीचा चुकला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बाईंकडे गेले. म्हटलं, मला एक सेट द्या. त्या म्हणाल्या, "मागायला एवढे दिवस लागले व्हय?" गुरुवारी तिसऱ्या सेटला उतरवलं. पहिल्याच चेंडूला करंगळी दाखवली. आणि पाणीच वाढलं. जगदेवीने असा मारला की समोरची मुलगी खाली बसली. तो सामना जिंकलो. रविवारी उपांत्य फेरी होती, मी पहिल्यापासून खेळले. तीही जिंकलो.

आत्या, अंतिम सामना पाच जानेवारीला तुझ्या नांदेडला आहे! करार त्यानंतर ठरणार. विरूपाक्ष सरांचं अजून उंच मुलीवरच मन आहे. बाई म्हणाल्या, "त्यांना बोलून पटत न्हाई. खेळून पटव."

तिकीट पाठवते. तुझी जागा मागच्या रेघेपाशी आहे. पप्पाही येणार आहेत, त्यांना सांभाळ. परवा फोनवर म्हणाले, "एवढा हातात आलेला चेंडू तू दुसऱ्याला का देऊन राहिली गं?" आणि एक विनंती. ओरडू नकोस. मीठ, पाव, काहीही नाही.

तुझी,
ऋतुजा


नांदेड, ६ जानेवारी २०२५

माझ्या ऋतुजा,

काल सामन्यानंतर तू दोन मिनिटं भेटलीस आणि मला काही बोलता आलं नाही, कारण आवाज गेला होता. माझा आवाज! तुमची बस गेली. म्हणून हे पत्र. कालच्या सामन्यात तू काय केलंस, हे तुला पाठीमागून कुणी सांगितलेलं नसणार.

तुझा बाप गळ्यात नवा रुमाल बांधून आला आणि पहिले दोन सेट मला विचारत राहिला, "अक्का, हिचे किती झाले?" मी म्हटलं, "व्यंकट, चेंडू बघू नकोस. तिचा डावा हात बघ." त्याला खुणा शिकवल्या. दुसऱ्या सेटच्या शेवटी तो पुटपुटायला लागला, मीठ, मीठ, पाव. तिसऱ्याला मला म्हणाला, "अक्का, ही तर सगळ्यांना नाचवून राहिली की!" त्याच्या तोंडून यापेक्षा मोठं बोलणं मी ऐकलेलं नाही.

दोन सेट तुमचे, दोन त्यांचे. पाचवा पंधराचा. त्यात कुणाचे आठ झाले की बाजू बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आठ झाले आणि तू तुझी पाठ घेऊन चक्क पलीकडे निघून गेलीस! मी पिशवी उचलली आणि निघाले. एका स्वयंसेवकाने अडवलं. "आजी, जागेवर बसा." मी त्याला इंग्रजीत एक वाक्य ऐकवलं. विरूपाक्षसाठी ठेवलेल्यांपैकीच होतं, त्याला बरोबर बसलं. व्यंकट मागून चपला सांभाळत धावला. आम्ही दोघं पलीकडच्या रेघेमागे पायऱ्यांवर जाऊन बसलो.

तुमचे चौदा, त्यांचे बारा. त्यांनी एक घेतला. चौदा-तेरा.

जगदेवीचे त्या सेटमध्ये दोन चेंडू त्यांनी अडवले होते. तिचं तोंड उतरलेलं मला पाठीमागूनसुद्धा कळत होतं. मागच्या सहा चेंडूंत तू तिला एकही दिला नव्हतास. सगळा हॉल साक्षीचं नाव घेत होता. बाकावर विरूपाक्ष उभा राहून हात हलवत होता, साक्षी, साक्षी. त्यांच्या दोन उंच मुली सर्व्हिसच्या आधीच साक्षीच्या समोर सरकल्या होत्या.

तुझा डावा हात कमरेमागे गेला. आणि करंगळी.

मला वाटलं, माझे डोळे. व्यंकटने माझा दंड पकडला. "अक्का, पाणी?"

सर्व्हिस आली. मागच्या पोरीने उचलली, चेंडू वर गेला. तू साक्षीकडे तोंड करून उभी. चेंडू अजून तुझ्या हातात आलाही नव्हता आणि जगदेवी हवेत होती. तुझ्या बोटांवर तिचा एवढा विश्वास.

तेव्हा मी उठले, ऋतुजा. चेंडू तुझ्या बोटांना लागायच्या आधी. दोन्ही हात वर करून. त्या हॉलमधली चार हजार माणसं बसलेली आणि मी एकटी उभी, कारण पुढे काय होणार हे मला माहीत होतं. तू खूण केली होतीस आणि तू तेच वाढणार होतीस. चेंडू तुझ्या बोटांवर टेकला न टेकला. समोर कुणीही नव्हतं. दोघी साक्षीपुढे हात वर करून उभ्या, आणि जगदेवीने रिकाम्या जागेत तो असा आपटला की आवाज माझ्या छातीत आला.

मग बाकीची चार हजार उठली. उशिरा.

व्यंकट रडत होता. शेजारच्या माणसाने विचारलं, "तुमची मुलगी का? किती गुण तिचे?" तुझा बाप त्याच्यावर असा खेकसला! "गुण काय विचारता? सगळं तिनंच तर केलं!"

आज पेपरात जगदेवीचा फोटो आहे, हवेतला. कडेला कोपर आहे. सकाळी दुकानात जाऊन मी त्याला चौकट करून घेतली. दुकानदार म्हणाला, "बाई, ही उंच मुलगी तुमची का?" मी म्हटलं, "नाही. कोपर माझं."

तुझी,
सिंधुआत्या


लातूर, ९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

करार झाला! दोन वर्षं, पहिली सेटर म्हणून. विरूपाक्ष सरांनी स्वतः पेन दिलं आणि म्हणाले, "उंचीचं काय, बूट जाड घेऊ." बाई म्हणाल्या, "बूट तुम्ही घाला, हिला गरज न्हाई." भारतीय संघाच्या शिबिराची यादी काल आली. त्यात माझं नाव आहे, सेटर या रकान्यात. पप्पांनी बी.एड.च्या फॉर्मच्या मागे ती यादी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली आणि गावात दाखवत फिरून राहिलेत.

आता भांडण. आशीर्वाद मीही शेवटी मागेन.

तू लवकर उठलीस. मी जाळीकडे तोंड करून होते, मला नाही दिसलं. पण त्यांच्या कोचना दिसलं, ते समोरच होते. बक्षिसाच्या वेळी गौरम्माबाईंना विचारत होते, "तुमच्या मागच्या पायऱ्यांवरची ती पांढऱ्या साडीतली म्हातारी कोण? मारायच्या आधीच हात वर करून उभी होती. तिला कसं कळलं?" बाई म्हणाल्या, देवभोळी आहे. पण त्यांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मुली आता सामन्याची चित्रफीत लावून माझा हात बघत बसल्यात म्हणे.

म्हणजे मीठ, पाव, पाणी, तिन्ही गेले. जगदेवी म्हणते, वाढपिणीचं ताटच उघडं पडलं.

तेव्हा शिक्षा म्हणून बसून आठवून लिही, सगळं, चित्रं काढून. सिस्टर फिलोमिनाच्या टेबलावर लोणी कसं मागायचे? दुसऱ्यांदा भात हवा असेल तर? आणि नको म्हणायची खूण काय होती, तीही पाठव. शिबिरात पहिल्याच दिवशी अकरा राज्यांच्या मुलींना शिकवायची आहे.

पुढच्या सामन्याचं तिकीट पाठवते. ये, मागच्याच रेघेपाशी बस. फक्त चेंडू पडेपर्यंत उठू नकोस.

आता आशीर्वाद दे.

तुझी,
वाढपीण